क्वांटम फिजिक्स म्हणजे काय? मूळ कल्पना, संशोधनाची क्षेत्रं आणि आपला त्याच्याशी संबंध

"क्वांटम कॉम्प्युटर आला, आता सगळ्यांची बँक खाती उघडी पडणार" असा एखादा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. त्याच फोनवर थोडं खाली सरकवलं की 'क्वांटम एनर्जी'वाल्या लॉकेटची जाहिरातही दिसते. एकीकडे भीती, दुसरीकडे चमत्कार. या दोन्हींच्या मधे जे खरं विज्ञान आहे, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आज आपण तेच समजून घेणार आहोत, आणि तेही गणित न करता. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: क्वांटम अवस्था फार नाजूक असते, बाहेरचा जरासा धक्का लागला तरी ती मोडते. हाच नाजूकपणा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची डोकेदुखी आहे, सेन्सर बनवणाऱ्यांचं वरदान आहे आणि गुप्त संदेश पाठवणाऱ्यांचा पहारेकरी आहे. कसं, ते पुढे बघू.

सुरुवात कशी झाली?

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. तापत गेलं की आधी लालसर होतं, मग नारिंगी, मग पिवळट पांढरं. तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश देते, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेमकं मोजलेलं होतं. पण त्या काळातल्या नियमांनी हिशेब केला तर उत्तर भलतंच यायचं. जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांमध्ये अमर्याद ऊर्जा बाहेर पडायला हवी होती! प्रत्यक्षात तसं होत नाही, नाहीतर भट्टीजवळ कुणी उभंच राहू शकलं नसतं.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी यावर तोडगा मांडला. त्यांनी गृहीत धरलं की ऊर्जा पाण्यासारखी सलग वाहत नाही, ती ठरावीक आकाराच्या पुड्यांमध्येच दिली-घेतली जाते. या पुडीला म्हणायचं 'क्वांटम', मराठीत 'पुंज'. प्रकाशाची कंपनसंख्या जितकी जास्त, तितकी पुडी मोठी.

हे नोटांसारखं आहे. लाल प्रकाश म्हणजे दहाची नोट आणि अतिनील किरण म्हणजे पाचशेची, असं समजा. सुटे नाहीत, द्यायची तर अख्खी नोट. तापलेल्या लोखंडातल्या अणूंच्या खिशात सरासरी वीस-तीस रुपयेच असतील, तर पाचशेची नोट काढणं त्यांना क्वचितच जमणार. म्हणून अतिनील प्रकाश फारच कमी निघतो, आणि हिशेब जुळतो.

पुडीचा आकार ठरवणारा आकडा, म्हणजे प्लांकचा स्थिरांक, अतिशय लहान आहे. जूल-सेकंदात लिहायचा तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं आणि मग ६६२६. म्हणून रोजच्या व्यवहारात ऊर्जा आपल्याला सलगच वाटते.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन एक पाऊल पुढे गेले. प्रकाश स्वतःच पुड्यांचा बनलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. धातूवर प्रकाश पाडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी बऱ्याच धातूंमधून एकही इलेक्ट्रॉन निघत नाही आणि अतिनील प्रकाश मंद असला तरी निघतो. रेल्वे स्टेशनवरचं जुनं वजनाचं मशीन आठवतंय? त्यात चार-आणे आठ-आणे कितीही टाका, ते ढिम्म हलायचं नाही, योग्य नाणं एकच टाकलं की लगेच कार्ड. इथेही तसंच आहे. याच कामासाठी आइन्स्टाइन यांना १९२१ चं नोबेल मिळालं.

या कथेत एक महत्त्वाचं पान आपल्या उपखंडातलंही आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचं सूत्र नव्या पद्धतीने सिद्ध केलं. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत असं मानून त्यांनी मोजणी केली आणि लेख थेट आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. आज अशा कणांच्या अख्ख्या कुळाला 'बोसॉन' म्हणतात.

क्वांटमच्या चार मूळ कल्पना

१. सुपरपोझिशन: शक्यतांची बेरीज आणि वजाबाकी

"क्वांटम कण एकाच वेळी दोन ठिकाणी असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धवट आहे. खरी गंमत वजाबाकीत आहे.

एका मैदानाला दोन दरवाजे आहेत असं समजा. एक उघडा असताना मैदानाच्या एका कोपऱ्यात काही माणसं पोहोचतात. दुसराही उघडला तर तिथली गर्दी वाढेल किंवा तेवढीच राहील, कमी तर होणार नाही. आता माणसांच्या जागी इलेक्ट्रॉन आणि दरवाज्यांच्या जागी दोन बारीक फटी घ्या. पडद्यावर अशा जागा सापडतात, जिथे एक फट उघडी असताना इलेक्ट्रॉन पोहोचतात, पण दोन्ही उघडल्यावर जवळपास एकही पोहोचत नाही!

विहिरीत दोन दगड टाकल्यावर लाटा एकमेकींत मिसळतात, काही जागी उंचावतात, काही जागी एकमेकींना मिटवतात. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत दोन वाटांच्या शक्यता अशाच मिसळतात. आणि हे इलेक्ट्रॉनच्या घोळक्यामुळे होत नाही. १९८९ मध्ये जपानमध्ये हिताचीच्या अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडून हा प्रयोग दाखवला. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो, पण हजारो ठिपके जमले की पट्टे दिसू लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची कुठेही खूण राहिली, तर पट्टे गायब होतात. यासाठी माणसाने बघण्याची गरज नसते. हवेच्या एखाद्या रेणूला धक्का लागला, एखादा प्रकाशकण आपटून निघून गेला, तरी खूण राहिली. याला 'डीकोहेरन्स' म्हणतात. श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये मांडलेलं जिवंत-आणि-मेलेलं मांजर आपल्याला कधी दिसत नाही, त्याचं मोठं कारण हेच. मांजरावर क्षणोक्षणी असंख्य रेणू आपटत असतात. दोन शक्यता एकमेकींत मिसळायला उसंतच मिळत नाही.

२. अनिश्चितता

हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये सांगितलं की कणाची जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या नेमकेपणाने ठरलेले नसतात. हा यंत्राचा दोष नाही, तो लाटांचा स्वभाव आहे.

टाळी वाजवून बघा. ती नेमकी कधी वाजली हे सांगता येईल, पण तिचा सूर कोणता हे सांगता येणार नाही. तानपुऱ्याचा सूर नेमका ओळखता येतो, कारण तो लांबतो, पण "तो नेमका कोणत्या क्षणी वाजला?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. क्षण आणि सूर यांच्यात जे नातं, तेच कणाच्या जागा आणि संवेगात.

३. टनेलिंग

चेंडूला भिंतीपलीकडे जायला पुरेशी ऊर्जा नसेल तर तो परत येतो. इलेक्ट्रॉनची लाट मात्र पातळ भिंतीच्या पलीकडे थोडीशी पसरलेली असते, त्यामुळे कधी कधी तो चक्क पलीकडे सापडतो.

तुमच्या फोनमधल्या फ्लॅश मेमरीत हेच चालतं. फोटो साठवताना किंवा पुसताना इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ विद्युतरोधक थरातून आरपार ढकलले जातात. सूर्याच्या पोटात सुमारे दीड कोटी अंश तापमान असूनही प्रोटॉन एकमेकांना जोरात दूर ढकलतात, टनेलिंगमुळेच त्यांतले काही एकत्र येतात. टनेलिंग नसतं तर सूर्य असा तळपला नसता.

४. एन्टँगलमेंट: गुंतलेले कण

चपलांच्या जोडीतली एक चप्पल न बघता डब्यात घालून नागपूरला पाठवली, दुसरी कोल्हापूरला. नागपूरच्या डब्यात डावी निघाली की कोल्हापूरला उजवी आहे, हे लगेच कळतं. यात काही नवल नाही, कारण डावी-उजवी आधीपासून ठरलेलीच होती.

गुंतलेल्या कणांचंही असंच असेल का? १९६४ मध्ये जॉन बेल यांनी याची कसोटी शोधली. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या प्रकारे मोजमापं करायची आणि उत्तरं किती जुळतात याचा एक आकडा काढायचा. उत्तरं चपलांसारखी आधीच ठरलेली असतील, तर या कसोटीच्या प्रचलित रूपात तो आकडा २ च्या वर जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धांतानुसार तो सुमारे २.८३ पर्यंत जाऊ शकतो. प्रयोगांत तो २ ओलांडतो! या प्रयोगांसाठी जॉन क्लॉजर, अ‍ॅलाँ आस्पे आणि अँटोन झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

मग याने प्रकाशापेक्षा वेगाने मेसेज पाठवता येईल का? नाही. प्रत्येक टोकाला बघाल तर उत्तरं निव्वळ छापा-काटा. ती जुळतात हे कळायला दोघांना नेहमीच्या मार्गाने बोलावंच लागतं.

पहिली क्रांती आणि दुसरी क्रांती

१९४७ चा ट्रान्झिस्टर, १९६० चा लेसर, एलईडी, एमआरआय ही सगळी क्वांटमचीच देणगी. म्हणजे क्वांटम "येणार" नाही, ते तुमच्या खिशात केव्हाचं आहे. पण त्या यंत्रांमध्ये अब्जावधी कण एकत्र वागवले जातात. आता चालू आहे ती दुसरी क्रांती: एकेक अणू, एकेक प्रकाशकण किंवा एखादं लहानसं सर्किट पकडून त्याच्या अवस्थेवर ताबा मिळवणं.

सर्किटही क्वांटम नियमाने वागतं, हे १९८४-८५ मध्ये अमेरिकेत बर्कलीला जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी दाखवलं. त्यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या अनेक क्वांटम चिप्सचा पाया याच कामात आहे.

संशोधनाची मुख्य क्षेत्रं

क्वांटम कॉम्प्युटिंग

साध्या बिटमध्ये ० किंवा १ असतो, क्यूबिटमध्ये दोन्हींचं मिश्रण असू शकतं. इथे एक मोठा गैरसमज आहे: "क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो." तसं असतं तरी उपयोग काय? शेवटी मोजल्यावर त्यातलं एकच उत्तर हाती येतं, तेही नशिबावर. खरी युक्ती त्या वजाबाकीची आहे. चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना मिटवतील आणि बरोबर उत्तराच्या वाढतील, अशी मांडणी करायची. अशी मांडणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. म्हणून क्वांटम कॉम्प्युटर तुमच्या लॅपटॉपची जागा घेणार नाही.

अडचण अर्थातच डीकोहेरन्सची. सुपरकंडक्टिंग चिप शून्याखाली सुमारे २७३ अंशांपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अंशाच्या शंभराव्या भागाइतकी जवळ थंड करावी लागते. तरीही चुका होतातच. उपाय म्हणजे अनेक क्यूबिट मिळून एकाच क्यूबिटचं काम सांभाळायचं आणि चुका दुरुस्त करत राहायचं. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्यूबिटची 'विलो' चिप जाहीर केली. त्यात क्यूबिटचा गट मोठा केल्यावर चुका वाढण्याऐवजी कमी झाल्या. बातमीतल्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची होती.

क्वांटम कम्युनिकेशन

अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही. १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी दाखवलं की प्रकाशकणांमधून गुप्त किल्ली पाठवली, तर मधे कान लावणाऱ्याला अवस्थेला हात लावावाच लागतो आणि त्यामुळे चुका वाढतात. चोर आला होता हे दोघांना कळतं, आणि ती किल्ली टाकून देता येते. नाजूकपणाच इथे पहारा देतो! चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या 'मिशियस' उपग्रहातून सुमारे १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी गुंतलेले प्रकाशकण पोहोचवले गेले.

क्वांटम सेन्सिंग

जी गोष्ट जराशा धक्क्याने बदलते, तिच्याकडून तो धक्का मोजूनही घेता येतो. हे तंत्र सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पक्कं आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर केलेली आहे. जीपीएसच्या उपग्रहांमध्ये अणुघड्याळं असतात, कारण एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ तेवढं चुकलं की नकाशावरची तुमची जागाही तेवढी हलते. हिऱ्यातल्या मुद्दाम ठेवलेल्या दोषांनी अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं मोजण्याचं काम आता जोरात चालू आहे.

गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो वेधशाळेत 'पिळलेला' प्रकाश वापरतात. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तशी अनिश्चितता नको त्या बाजूला ढकलून हव्या त्या बाजूचं मोजमाप अधिक नेमकं करतात. याच वेधशाळेचं भारतीय भावंडं, 'लायगो इंडिया', हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे.

क्वांटम पदार्थ आणि मूलभूत प्रश्न

विजेला अजिबात विरोध न करणारे सुपरकंडक्टर १९११ मध्ये सापडले. पण १९८६ नंतर सापडलेले तुलनेने जास्त तापमानाचे सुपरकंडक्टर नेमके कसे चालतात, यावर अजूनही एकमत नाही. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांची सांगड कशी घालायची, आणि मोजमापाच्या क्षणी एकच उत्तर का येतं, हे प्रश्नही उघडेच आहेत.

भारत आणि महाराष्ट्र कुठे आहे?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याची चार मुख्य केंद्रं आहेत, त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. २०२४ मध्ये मुंबईची टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी मिळून ६ क्यूबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. १०५ पुढे ६ लहान वाटतात, पण चिप बनवण्यापासून ती चालवण्यापर्यंतचं कौशल्य इथे तयार होतंय, हे मोलाचं आहे. फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी या संस्थांवर लक्ष ठेवायला हरकत नाही.

मग आपला पासवर्ड फुटणार का?

आता त्या फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजकडे परत येऊ. त्यात तथ्य आहे, पण घाई आहे.

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की मोठा क्वांटम कॉम्प्युटर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडू शकेल. इंटरनेटवरची बरीच सुरक्षा अवयव पाडणं अवघड आहे यावरच उभी आहे. त्यासाठी लागेल किती मोठं यंत्र? २०१९ च्या एका ठळक अंदाजानुसार आरएसए-२०४८ हे प्रचलित कुलूप फोडायला सुमारे २ कोटी क्यूबिट लागणार होते. २०२५ मध्ये त्याच अंदाजामागच्या एका संशोधकाने नवा हिशेब मांडला: १० लाखांहून कमी. आज 'विलो'मध्ये आहेत १०५. म्हणजे उद्या काही होणार नाही, पण दरी दोन्ही बाजूंनी कमी होतेय.

खरी काळजी वेगळीच आहे. आज कुलूपबंद असलेला डेटा कुणी आत्ता चोरून साठवून ठेवला आणि पुढे यंत्र आल्यावर उघडला तर? ओटीपी दोन मिनिटांत मरतो, त्याची चिंता नाही. पण वैद्यकीय नोंदी, सरकारी कागदपत्रं किंवा संरक्षणाची माहिती वीस वर्षांनीही तितकीच नाजूक असते.

म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने क्वांटम हल्ल्यालाही पुरून उरतील अशा तीन नव्या मानक पद्धती जाहीर केल्या. या पद्धती साध्या फोनवर चालतात, त्यांना क्वांटम यंत्र लागत नाही. सिग्नलने २०२३ मध्ये आणि अ‍ॅपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये अशा प्रकारचं संरक्षण द्यायला सुरुवात केली. तुमच्या बाजूने करायचं काम साधंच आहे: फोन आणि अ‍ॅप अपडेट ठेवा. नवी कुलपं अपडेटमधूनच येतात.

क्वांटमची बातमी वाचताना हे तीन प्रश्न विचारा

- क्यूबिट किती, यासोबत चुका किती होतात हे सांगितलं आहे का?
- कोणता प्रश्न सोडवला? तो कुणाच्या कामाचा आहे, की फक्त चाचणीसाठी बनवलेला आहे?
- तुलना कशाशी केली? आजच्या उत्तम सुपरकॉम्प्युटरशी आणि उत्तम पद्धतीशी, की जुन्यापान्याशी?

आणि ते लॉकेट? आता उत्तर तुम्हीच देऊ शकाल. जी अवस्था टिकवायला शास्त्रज्ञांना निरपेक्ष शून्याच्या इतक्या जवळ जावं लागतं, निर्वात पोकळी बनवावी लागते, तरी ती क्षणार्धात मोडते, ती गळ्यातल्या धातूच्या तुकड्यात, घामात आणि उन्हात वर्षभर टिकून तुमची तब्येत सुधारेल? पैसे खिशातच राहू द्या.

तुमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर हा लेख तिथे नक्की शेअर करा. आणि काही शंका असतील तर जरूर विचारा.